पाणी दिलेला पिकर

लोखंडाला पाणी कधी द्यायचं, हे शरणप्पाला कुणी बसवून शिकवलं नव्हतं. अक्कलकोटच्या पलीकडं, जिथं निम्मं गाव कानडीत भांडतं आणि निम्मं मराठीत, तिथं त्याचे वडील कल्लप्पा लोहारकाम करीत. विळा पळसाच्या फुलासारखा लाल झाला की ते तो भट्टीतून उचलत, क्षणभर तोंडाजवळ धरून बघत आणि रांजणात बुडवत. चर्र आवाज व्हायचा, वाफ उठायची. "पाणी दिल्याशिवाय ते लोखंड नव्हं, माती," असं ते म्हणत. पंचक्रोशीतले शेतकरी त्यांचा विळा डोळे झाकून घेत.

कल्लप्पा गेले, भट्टी विझली आणि शरणप्पा सोलापुरात आला. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका गाळ्याच्या मागच्या भागात त्याचं प्लॅस्टिकचं मशीन होतं. मशीन हाताचं. वरून नरसाळ्यात दाणा टाकायचा, विजेच्या पट्ट्यांवर तो पातळ व्हायचा, मग लांब दांडा खाली ओढून तो साच्यात दाबायचा. साचा उघडला की कंगवा, बाटलीचं बूच, गुंडी, जे असेल ते हातात यायचं. आजूबाजूला सगळे यंत्रमाग. त्यांच्या खडखडाटात शरणप्पाच्या मशीनचा आवाज म्हणजे लग्नाच्या वाजंत्रीत कुणी खोकावं तसा.

भाद्रपदात वीरभद्रप्पा त्याच्याकडं आले. त्यांचा टॉवेलचा कारखाना रस्त्याच्या पलीकडंच होता. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी पिशवीतून कातड्याचा एक जाड, तेलकट ठोकळा काढला आणि दोन बोटांत धरून पुढं केला.

"हा पिकर. प्लॅस्टिकचा करून देशील का?"

पिकर सोलापुरात सगळ्यांना माहीत. मागाच्या दोन्ही टोकांना एकेक असतो. सूत घेऊन धावणारा धोटा त्याच्यावर येऊन आदळतो आणि पिकर त्याला उलट फेकतो. पापणी लवायच्या आत एकदा, आणि असं दिवसभर. धोटा म्हणजे हातभर जड लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. पिकर शाबूत तोवर धोटा आपल्या वाटेनं जातो. पिकरनं दगा दिला तर तो कुठं जाईल ते ब्रह्मदेवही सांगणार नाही. धोट्यानं दात पाडलेली, भुवई फाडलेली माणसं सोलापुरात शोधत हिंडावं लागत नाही.

"कातडं चांगलं चालतंय की, अण्णा," शरणप्पा म्हणाला.

"चालतंय. पण म्हशीचं कातडं आहे ते. खंडेनवमीला मी मागापुढं पूजेला बसतो, गळ्यात लिंग, हातात बेलपान, आणि कुंकू कशाला लावतो? कातड्याला. वडील हातमागावर होते, तेव्हा हे नव्हतं. आधी एक नमुना कर. बरा चालला तर सगळ्या मागांना तुझेच."

सगळ्या मागांना म्हणजे काय, हे शरणप्पाला कळत होतं. बुचं आणि कंगवे सुटतील, हे पहिलं. आणि दुसरं म्हणजे, आपण केलेली वस्तू कामाला लागेल, विळ्यासारखी.

साचा त्यानं स्वतःच कापला. पोलादाच्या दोन चकत्या, शेजारच्या टर्नरचं लेथ उसनं, बाकी कानस आणि डोळा. पिकर त्याच्या मशीनच्या एका दाबात जेमतेम मावत होता. पहिला नमुना साच्यातून निघाला तो पांढरा, जड आणि बरोबर मापाचा. फक्त जिथं तो सगळ्यात जाड, तिथं थंड होता होता त्याच्या अंगात खड्डा पडला. अंगठा टेकेल एवढा.

अण्णांनी तो उलटापालटा करून बघितला. "हे काय? देवी आलेल्या पोराच्या गालासारखं."

"कामाला काय फरक पडत नाही."

"पूजेला बसवायचाय, शरणप्पा. असला घेऊन मी देवापुढं जाऊ?"

शरणप्पानं दाब वाढवला. दांड्याला लोंबकळून बघितलं. साचा जास्त वेळ बंद ठेवला. खड्डा उथळ व्हायचा, जायचा नाही. शेवटी एका दुपारी तो मशीनसमोर घाम पुसत उभा असताना त्याला रांजण आठवला. एवढे दिवस आपल्याला हे कसं सुचलं नाही, याचंच त्याला नवल वाटलं. पुढचा पिकर साच्यातून निघाला, तसा त्यानं तो चिमट्यात धरला आणि तडक पाण्याच्या बादलीत घातला. चर्र झालं. वाफ उठली. थोडा वेळ धरून वर काढला, तर पिकर लोण्याच्या गोळ्यासारखा गुळगुळीत. खड्ड्याचा मागमूस नाही. ऐरणीवर ठेवून त्यानं हातोडी मारली, पिकरनं ती परत उडवली. बापाची आठवण येऊन त्याचे डोळे जरा ओले झाले. तसेच त्यानं आणखी चार काढले आणि चारांनाही पाणी दिलं.

अण्णा खूश झाले. प्रश्न राहिला तो कुठल्या मागावर लावायचा एवढाच. कारखान्यातले माग बसवणारा-दुरुस्त करणारा जो जॉबर, त्याचं म्हणणं, एकाच मागाला आणि तेही एकाच अंगाला लावू, दुसऱ्या अंगाला जुना राहू दे. तेव्हा कुंडलिक पुढं झाला.

कुंडलिक जेऊरचा. शरणप्पाच्या चाळीतला, भिंतीला भिंत लावून राहणारा. कारखान्याच्या फाटकाशी बदली म्हणून दोन वर्षं उभं राहून त्याला या श्रावणात स्वतःचा माग मिळाला होता.

"माझ्या मागाला लावा," तो म्हणाला. "शरणप्पाच्या हातचं हाय. दुसऱ्याच्या मागावर कशापायी? उद्या चाळीत तोंड दाखवू द्याचा न्हाई मला."

खंडेनवमीला माग धुऊनपुसून लखलखीत केले होते. झेंडूच्या माळा, उदबत्त्यांचा धूर. अण्णांनी कुंडलिकच्या मागापुढं बसून उजव्या अंगाच्या पांढऱ्या पिकरला हळद-कुंकू वाहिलं आणि नारळ फोडला. कांड्या भरणारी बजाबाई दाराशी उभी होती. कांड्या म्हणजे धोट्यात बसवायच्या सुताच्या नळ्या. त्या भरून टोपलीनं मागामागावर पोचवायच्या, हे तिचं काम. पन्नाशीची बाई, पण जिभेला वय नव्हतं.

"प्लॅस्टिकला कुंकू लावलं," ती म्हणाली. "आता अण्णा, पुढल्या साली आमाला प्लॅस्टिकचाच परसाद द्या. दाताला लागंल, पन टिकंल तरी."

अण्णासुद्धा हसले. मग उठताना त्यांनी नेहमीचं सांगितलं. त्यांच्या घरात आजोबांच्या हातमागापासून चालत आलेली रीत होती ती: खंडेनवमीला पुजलेलं हत्यार, मागावरचा ताणा, म्हणजे चढवलेलं सगळं उभं सूत, विणून उतरेपर्यंत काढायचं नाही. चालू ताण्यात पुजलेलं हत्यार काढलं की वर्षभर माग रडतो.

नारळाचा तुकडा खिशात घालून शरणप्पा गाळ्यावर परतला. सुट्टी होती, सगळीकडं सामसूम. जॉबरनं जाता जाता सांगितलं होतं की पुढच्या खेपेला पिकरचं भोक जरा खाली घे. तिथं जाडी किती मिळते ते बघावं म्हणून शरणप्पानं उरलेल्या चारांतला एक व्हाइसमध्ये आवळून धरला आणि करवत लावली.

करवत चिवटपणे चालली होती. मध्येच ती एकदम हलकी झाली. पोकळ बांबूत शिरावी तशी.

त्यानं दोन तुकडे वेगळे केले. आत, बरोबर मधोमध, बोराच्या आठळीएवढी पोकळी होती. आतून चकचकीत.

दुसरा कापला. पोकळी. तिसऱ्यात दोन होत्या, शेजारीशेजारी. चौथ्यातली लांबट. मग त्यानं फळीवर टाकून दिलेला पहिला, देवीच्या व्रणाचा पिकर घेतला आणि तो कापला. तो भरीव निघाला. आत मोहरीएवढंसुद्धा भोक नाही.

शरणप्पा खाली बसला. सगळं उलगडायला वेळ लागला नाही आणि तेच वाईट होतं. गरम माल थंड होताना आक्रसतो. बाहेरची साल मऊ असेल तर ती आत ओढली जाते, खड्डा पडतो आणि वस्तू भरीव राहते. त्यानं पाणी देऊन साल एकदम टणक केली होती. आतला माल आक्रसला, साल हलेना, तेव्हा तो आतल्या आत फाटला. लोखंडाला पाणी दिलं की ते टणक होतं. प्लॅस्टिकला दिलं की ते टणक दिसतं. खड्डा हे दुखणं नव्हतंच. तो खड्डा म्हणजे आत सगळं ठीक असल्याची खूण होती. त्यानं ती पुसून दिली होती.

दसऱ्याच्या सकाळी मुहूर्तावर माग क्षणभर चालवून बंद करायची पद्धत. शरणप्पा पोचला तेव्हा मुहूर्त होऊन गेला होता आणि अण्णा सगळ्यांना पेढे वाटत होते. त्यानं त्यांना बाजूला घेतलं आणि रुमालातले अर्धे तुकडे दाखवले.

"तो पिकर काढा, अण्णा. आतून पोकळ आहे."

अण्णांनी तुकडे बघितले. "हे कुठले?"

"त्याच्याबरोबरचेच. एकाच दिवसाचे."

"म्हणजे वाईट ते तू मागं ठेवलेस आणि चांगला मला दिलास. बरोबर केलंस."

"तसं नाही. सगळ्यांना एकच पाणी दिलं मी."

"लावलेला पोकळ आहे, हे तू बघितलंस?"

"कापल्याशिवाय कसं बघणार?"

"मग काप की, ताणा उतरल्यावर." अण्णांनी त्याच्या हातात पेढा ठेवला. "तू घाबरलास. पहिलं मोठं काम आहे, घाबरतो माणूस. पुजलेलं हत्यार मी काढणार नाही. माझ्या बापानं काढलं नाही, आजोबानं काढलं नाही. आणि मी ते काढलं, तर उद्या ही सगळी माणसं मागाला हात लावतील का?"

ते खोटं नव्हतं. जॉबर बाजूलाच उभा होता, त्यानं नुसत्या ऐकण्यानंच कानाला हात लावला.

शरणप्पा कुंडलिककडं गेला. कुंडलिकनं सगळं ऐकून घेतलं, एक तुकडा हातात घेतला, पोकळीत करंगळी घातली आणि परत दिला.

"मंग मी काय करू म्हंतोस?"

"नको चालवू."

"आन?" कुंडलिकनं हनुवटीनं फाटकाकडं खूण केली. दसरा असूनही तिथं तीनचार बदली उभे होते, पेढ्यासाठी आणि कुणी आजारी पडलंय का ते बघण्यासाठी. "मी न्हाई म्हनलो तर त्यातला एक चालवंल. तेवडाच फरक. त्याला तू वळखत न्हाईस, म्हनून तुला झोप लागंल."

शरणप्पानं तुकडे रुमालात गुंडाळले.

दुसऱ्या दिवसापासून माग पूर्ण पाळीनं सुरू झाले. शरणप्पानं तातडीनं नवा पिकर काढला, पाणी न देता, साच्यातून काढून वाऱ्यावर निवू देऊन. अंगठ्याएवढा खड्डा व्यवस्थित पडला. तो घेऊन तो पुन्हा अण्णांकडं गेला. ताणा उतरेपर्यंत काढणार नाही म्हणता, पण मोडला असं धरून हा तरी लावा, एवढंच त्याचं म्हणणं.

अण्णांनी एकदा त्या पिकरकडं आणि एकदा त्याच्याकडं बघितलं. "चाललेला काढून हा लावू? हा बघ, आणि तो बघ. तूच सांग, लहान पोराला विचारलं तर ते कुठला चांगला म्हणंल?"

शरणप्पानं तो पिकर पँटच्या खिशात टाकला. पुढं तो रोज त्याच्या खिशात असायचा.

आणि मागावरचा पिकर चालत राहिला. तो जितका चालला, तितकं शरणप्पाचं बोलणं खोटं पडत गेलं. टॉवेलवर टॉवेल निघत होते. जॉबर आता त्याला बघून मिशीत हसायचा. कामगारांनी त्याचं नाव 'पोकळप्पा' ठेवलं. "आपलीच वस्तू मोडू दे म्हनून फेऱ्या घालनारा कारागीर पयल्यांदा बघितला बे," असं एकानं त्याला ऐकू जाईल असं म्हटलं. पिकर टिकावा, हीच शरणप्पाची इच्छा होती. पण टिकला की कुणी त्याचं ऐकत नव्हतं, आणि ऐकावं म्हणून मोडू दे, असं मनातसुद्धा म्हणता येत नव्हतं.

एकच गोष्ट त्याच्या हातात होती, ती त्यानं केली. गाळा बंद करून तो मागाशी जाऊन उभा राहिला आणि खडखडाटात कुंडलिकच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "पिकर उजवीकडं आहे. मोडला तर धोटा डावीकडं उडणार. तू मधे उभा राहू नकोस. उजवीकडं सर, पिकरच्या मागं."

"तिथनं सूत दिसत न्हाई मला."

"वाकून बघ. माझ्यासाठी बघ."

कुंडलिक पुटपुटत उजवीकडं सरकला. पहिल्या दिवशी सारखा मूळ जागी यायचा, आणि शरणप्पा त्याला खांद्याला धरून सरकवायचा. मग सवय झाली.

बजाबाई टोपली घेऊन आली. "आज कुंडलिकराव कोपऱ्यात? बायकूनं घरातनं काडलं, आता मागानंबी काडलं का?"

"ह्या शान्याला इचार," कुंडलिक म्हणाला.

"बरंच झालं की. लई वरसं झाली, ह्या बोळात टोपली ठिवाया जागा न्हवती." आणि तिनं टोपली खाली ठेवली, जिथं कुंडलिक आधी उभा राहायचा तिथं. बसून कांड्या मोजून दिल्या, कमरेला हात लावून उठली आणि गेली. शरणप्पानं ते बघितलं. कुंडलिक सरकला होता, या समाधानात तो होता. त्याच्या डोक्यात दुसरं काही आलं नाही.

दोनतीन दिवसांनी अण्णांनी त्याला बोलावून घेतलं. रागानं नाही. "तू इथं उभा राहतोस, कुंडलिक तुझ्याकडं बघतो आणि माग सूत तोडतो. तुझं काम कर जा. ताणा उतरत आलाय, मग तो पिकर तुझ्याच हातानं काप. आतून भरीव निघाला तर मात्र मला चहा पाजायचा."

म्हणून शरणप्पा कारखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर बसू लागला. आतल्या चोवीस मागांतला एक आवाज वेगळा काढायचा तो प्रयत्न करी. लोहाराचा पोर तो, ऐरणीवरच्या आवाजानं लोखंडाची तड ओळखायचा. पण पत्र्याच्या भिंतीपलीकडून सगळा एकच खडखडाट येत होता. त्या दिवसांत वीज कधीही जायची. गेली की चोवीसही माग एका दमात बंद पडायचे, कान बधिर व्हायचे आणि शरणप्पा ताडकन उठून उभा राहायचा. मग टपरीवाला दिव्याच्या बटणाकडं बोट दाखवायचा, "लाइट गेली, बसा," आणि शरणप्पा बसायचा.

त्या दिवशी दुपारी चहा अर्धा प्यालेला असताना आवाज कमी झाला. बंद पडला नाही, कमी झाला. एक माग थांबला. मग त्याच्या शेजारचा. मग दोन. कुणीतरी हातानं एकेका मागाची बंद-चालू करायची दांडी ओढावी आणि पळावं, तसे ते थांबत गेले. शरणप्पानं वर बघितलं. टपरीतला दिवा जळत होता.

तो आत पोचला तेव्हा उजव्या अंगाला, पिकरच्या मागं, कुंडलिक उभा होता. त्याला सांगितलं होतं बरोबर तिथं. त्याच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. पिकरची दोन शकलं मागावर पडली होती. मागापुढच्या बोळात, कुंडलिक आधी उभा राहायचा तिथं, कांड्या सांडल्या होत्या आणि त्यांच्यात बजाबाई बसली होती, दोन्ही हात चेहऱ्यावर धरून. बोटांतून रक्त मनगटावर येत होतं. कुणीतरी तिला धरून उठवायला गेलं.

"टोपली," ती म्हणाली. "भरल्याली हुती. तुडवू नगा."

अण्णांनी स्वतःचं उपरणं तिच्या डोळ्यावर बांधलं आणि तिला आपल्या मोटारीत घालून दवाखान्यात नेलं. वाटेत तिचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं, असं ड्रायव्हर नंतर सांगत होता. संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं की जीवाला धोका नाही. डावा डोळा मात्र गेला.

कारखान्यात कुणी शरणप्पाला काही म्हणालं नाही. पोकळप्पा हे नावही त्या दिवसापासून कुणी घेतलं नाही. तुझं खरं होतं, असंही कुणी म्हणालं नाही. म्हटलं असतं तरी त्यानं काय केलं असतं? पिकर त्याचा, पाणी त्यानं दिलेलं. आणि कुंडलिकला त्या बोळातून सरकवणाराही तोच.

सकाळी अण्णांनी त्याला बोलावलं. ते रात्रभर जागे दिसत होते. शकलं त्यांच्या पुढ्यात होती, आतली पोकळी वर करून ठेवलेली.

"ताणा उतरलेला नाही," ते म्हणाले. मग थांबून, "कातड्याचा जुना पिकर पूजेआधी देऊन टाकला मी, आणि बाकीच्या मागांवरचे पुजलेले आहेत. तुझा तो दुसरा कुठं आहे?"

शरणप्पानं खिशातून खड्ड्याचा पिकर काढला. अण्णांनी तो उजेडाकडं धरला, खड्ड्यावरून अंगठा फिरवला. "हा भरीव आहे?"

"याच्यासारखा एक कापला होता. तो भरीव होता."

"हा?"

"हा कापलेला नाही, अण्णा."

अण्णांनी मान हलवली. कापला तर लावता येत नव्हता, आणि लावायचा तर कापता येत नव्हता. त्यांनी कोनाड्यातल्या करंड्यातून चिमूटभर कुंकू घेऊन खड्ड्यात टेकवलं. जॉबरनं तो मागाला बसवला. बोळ धुऊन घेतला होता. एक नवी बाई टोपली घेऊन दाराशी थबकली होती, आत यावं की नाही ते न कळून.

कुंडलिकनं दांडीला हात घातला. ओढली नाही. तो आधी उजवीकडं सरकला, मग त्यानं बोळाकडं बघितलं, दाराशी उभ्या असलेल्या त्या बाईकडं बघितलं आणि परत मधे आला. मग तिथंही थांबेना.

"शरणप्पा," तो म्हणाला, "आता कुटं उबा ऱ्हाऊ?"